शोध कुळाचा : मृत्युपत्र, फेरफार आणि जुने सर्व्हे नंबर

कंपनी सरकारच्या आणि त्यानंतरच्या ब्रिटिश अमलातील आपल्या पूर्वजांचा माग कसा काढावा, अशी विचारणा करणारी पत्रे ठाणे शहर आणि नवी मुंबई येथून या सदराकडे नेहमी येतात. त्यांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. प्रश्न मात्र थोडक्यात, शक्यतो त्यांच्याच शब्दांत दिले आहेत.

प्रश्न : आमचे घराणे चार-पाच पिढ्या ठाण्यात आहे. खापरपणजोबा कलेक्टर कचेरीत कारकून होते असे घरात सांगतात. जुन्या पेटीत त्यांच्या मृत्युपत्राची मोडीतील नक्कल सापडली. ती वाचून घेतली तेव्हा शके १८०६ ही मिती, टेंभी नाक्याजवळचे घर, कोलशेतकडील भातशेती, धाकटी पत्नी, दोन मुलगे आणि 'बंधूचे चिरंजीव' एवढे उल्लेख निघाले. या बंधूंचे नाव मात्र कोठेच नाही. येथून मागच्या पिढ्यांपर्यंत कसे जाता येईल? — एक वाचिका, ठाणे (पश्चिम)

उत्तर : आपल्या हातच्या कागदात नावांपेक्षा मिळकतीचे वर्णन अधिक मोलाचे आहे, आणि शोध तेथूनच सुरू करावा असे माझे मत आहे. शके १८०६ म्हणजे इसवी सन १८८४-८५. त्या काळच्या हिंदू कायद्याप्रमाणे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतला आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने कोणाला देता येत नसे. तो हयात असलेल्या भाऊबंदांकडे आपोआप जाई, आणि अशा हिश्शाचे मृत्युपत्र करण्याची मुभा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मिळाली. तेव्हा खापरपणजोबांनी घर आणि शेती मृत्युपत्रात घातली असेल, तर ती त्यांनी स्वकष्टाने घेतलेली असण्याचा संभव मोठा आहे. भावाशी वाटणी होऊन ती वाट्याला आली असेल, तर ती मुलांच्या दृष्टीने वडिलोपार्जितच राहिली असती आणि काटेकोर अर्थाने तिचे मृत्युपत्र करता आले नसते. अर्थात मृत्युपत्र करणारा प्रत्येक गृहस्थ वकिलाचा सल्ला घेऊनच लिहीत असे असे नाही; पुष्कळ मृत्युपत्रे म्हणजे घरातील माणसांनी आपल्या पश्चात कसे वागावे याची व्यवस्था लावून देणारे कागद असतात. तरीही या तर्कामुळे आपल्याला दोन निश्चित कागदांचा शोध घेता येतो : एक खरेदीखत, नाही तर एक वाटणीपत्र. वाटणीपत्र निघाले, तर त्यात दोन्ही भावांची नावे, त्यांच्या वडिलांचे नाव आणि बहुधा मूळ गावही असेल. ज्या नावाच्या शोधात आपण आहात ते मिळण्याची सर्वांत जास्त आशा तेथे आहे.

हे कागद नोंदणी कार्यालयाच्या जुन्या दप्तरात पाहावेत. शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीच्या दस्तांची नोंदणी १८६४ च्या कायद्याने सक्तीची झाली, त्यामुळे त्यानंतरचे खरेदीखत असेल तर ते दप्तरी असायला हवे. मृत्युपत्राची नोंदणी मात्र तेव्हाही ऐच्छिक होती आणि आजही आहे. आपल्या नकलेच्या मागच्या बाजूस किंवा शेवटी सबरजिस्ट्रारचा शेरा, अनुक्रमांक, बुकाचा क्रमांक आणि पान लिहिलेले आहे का ते प्रथम पाहावे. स्थावराचे दस्त बुक नंबर १ मध्ये आणि मृत्युपत्रे व दत्तक घेण्याची अधिकारपत्रे बुक नंबर ३ मध्ये नोंदवण्याची पद्धत आहे. बुक १ आणि त्याच्या सूची कोणालाही पाहता येतात. बुक ३ मधील दस्ताची नक्कल, तो करून देणारा हयात असेतोवर, केवळ त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. त्याच्या मृत्यूनंतर मात्र अर्ज करणाऱ्या कोणालाही ती मिळू शकते. खिडकीवर 'मृत्युपत्र दाखवता येत नाही' असे सांगितले गेले, तर नोंदणी कायद्याच्या कलम ५७ चा अर्जात सविनय उल्लेख करावा. शिवाय बुक ३ पाहताना आपल्या मृत्युपत्राच्या जोडीने त्याच घराण्यातील दत्तकाचे एखादे अधिकारपत्र आहे का हेही पाहावे, कारण 'बंधूचे चिरंजीव' पुढे कोणाच्या तरी घरी दत्तक गेले असतील, तर वंशावळीत ते वेगळ्याच वडिलांच्या नावाखाली सापडतील.

अनेकजण मृत्युपत्र म्हटले की थेट मुंबईला उच्च न्यायालयाकडे धाव घेतात. आपल्या बाबतीत ती धाव बहुधा व्यर्थ जाईल. १८७० च्या हिंदू विल्स कायद्याने हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याच्या न्यायालयीन दाखल्याची, आवश्यकता लागू झाली ती आपल्या इलाख्यात मुंबई शहराच्या हद्दीत केलेल्या, किंवा त्या हद्दीतील स्थावराविषयीच्या मृत्युपत्रांना. ठाण्यात बसून ठाण्याच्या घराविषयी लिहिलेल्या मृत्युपत्राला तशी गरज नव्हती. खापरपणजोबांची गिरगावात किंवा फोर्टात एखादी खोली असेल, तरच तिकडचे दप्तर पाहावे. त्याऐवजी ठाणे जिल्हा न्यायालयाकडील वारस दाखल्यांची प्रकरणे अधिक फलदायी ठरतात. मुंबई इलाख्यातील १८२७ चे आठवे रेग्युलेशन वारस, एक्झिक्युटर आणि व्यवस्थापक यांना न्यायालयाची मान्यता देण्यासाठी केलेले आहे, आणि महाराष्ट्रात वारस दाखला आजही त्याखालीच दिला जातो. अशा अर्जात मयताची मृत्युतिथी, सर्व वारसांची नावे, वये आणि मयताशी असलेले नाते लिहावे लागते. वंशावळ शोधणाऱ्याला याहून सोयीचा कागद सहसा मिळत नाही.

घराच्या बाबतीत नगर भूमापन कार्यालयातील मालमत्ता पत्रक सर्वांना ठाऊक असते, पण त्याच्या मागे असलेली चौकशी नोंदवही मागण्याचे फारसे कोणाच्या मनात येत नाही. नगर भूमापन झाले तेव्हा प्रत्येक मिळकतीचा धारक कोण, त्याच्याकडे ती कशी आली आणि कोणता पुरावा त्याने दाखवला, याचा सारांश या नोंदवहीत लिहिलेला असतो. ठाण्याची नगरपालिका १८६३ ची आहे, त्यामुळे घरपट्टीच्या जुन्या आकारणी वह्या उपलब्ध झाल्या तर त्यांतूनही घराचा ताबा कोणत्या वर्षी कोणाच्या नावे होता हे कळू शकते. मृत्युपत्रातील चतुःसीमा मात्र डोळ्यांत तेल घालून वाचाव्यात. पूर्वेस अमुक यांचे घर, दक्षिणेस तमुक यांची वाडी, असे जे लिहिलेले असते त्यातील शेजाऱ्यांच्या नावांवरून त्यांचे दस्त सूचीत शोधता येतात, आणि त्यांच्या दस्तात आपले पूर्वज शेजारी म्हणून नोंदलेले असतात. स्वतःच्या घराण्याचा कागद हरवला असता शेजाऱ्याच्या कागदात पूर्वज भेटल्याची उदाहरणे या कामात नेहमीची आहेत.

कोलशेतच्या शेतीसाठी आजच्या सातबाऱ्यापासून उलट दिशेने जावे लागेल. सातबाऱ्यावरील प्रत्येक फेरफार क्रमांक लिहून घ्यावा, त्या प्रत्येकाचा गाव नमुना ६ मधील, म्हणजे फेरफार नोंदवहीतील, उतारा काढावा, आणि एकही दुवा न गाळता मागे जावे. शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर जुन्या कागदांच्या छायाप्रती चढवलेल्या आहेत. तेथे न मिळाल्यास तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा. हिस्से पडून सर्व्हे नंबर बदलला असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयातील आकारफोड आणि फाळणीचे नकाशे यांवरून जुना नंबर जुळवता येतो. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, म्हणून फेरफारांची साखळी विसाव्या शतकाच्या आरंभाशी येऊन थांबते. त्यामागे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झालेल्या मोजणीची शेतवार पत्रके असतात, परंतु त्यांत बहुधा एका नंबरापुढे एकाच खातेदाराचे नाव असते. चार भाऊ एकत्र कसत असले तरी थोरल्याचे नाव लागले की बाकीचे तिघे त्या कागदापुरते नाहीसे होतात. नाव नाही म्हणून माणूस नव्हता असे त्यामुळे समजू नये.

मोजणीच्याही मागे जायचे असेल, तर ठाणे शहराचा राजकीय इतिहास ध्यानात ठेवावा लागतो. साष्टी बेट आणि ठाण्याचा किल्ला १७३७ मध्ये पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आला आणि डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी तो घेतला; सालबाईच्या १७८२ च्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. मराठी अमलातील सदतीस वर्षांचे महसुली कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दप्तराच्या मोडी रुमालांत पाहावे लागतात, तर इंग्रजी अमलातील पत्रव्यवहार मुंबईला एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात आहे. घराण्याकडे इनाम होते असे कोठे सूचित होत असेल, तर १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाल्यानंतर झालेल्या चौकशीची प्रकरणे अवश्य मागवावीत, कारण इनामदारांना आपला हक्क सिद्ध करण्यासाठी कैफियतीबरोबर वंशावळ द्यावी लागे. इनाम नसलेल्या कारकुनी घराण्याचा माग मात्र एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांपलीकडे सहसा लागत नाही, आणि तो लागल्याचे कोणी सांगितले तर पुरावा मागावा.

एक सावधगिरी अखेरीस सांगतो. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत असल्यामुळे 'अमुक बिन तमुक' (तमुकांचा मुलगा अमुक) हे जोडनाव एक पिढी सोडून पुन्हा उद्भवते. १८६० मधला आणि १९२० मधला माणूस नावावरून एकच वाटतो आणि दोन पिढ्या गिळल्या जातात. वर्ष, पत्नीचे नाव आणि सर्व्हे नंबर या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या मानू नयेत. आपल्या मृत्युपत्रात 'धाकटी पत्नी' आहे, तेव्हा थोरलीही होती. दोन मुलगे कोणाचे, हे त्या कागदावरून ठरत नाही, आणि ते ठरेपर्यंत तक्त्यात आईची जागा मोकळी ठेवावी.

प्रश्न : आम्ही घणसोलीचे आगरी. शेती आणि खारजमीन सिडकोसाठी संपादित झाली, त्यामुळे आजच्या सातबाऱ्यावर आमचे नावच नाही. जुन्या उताऱ्यांवर पणजोबांचे नाव आहे, पण आडनाव नाही. आमच्यात मृत्युपत्र कोणीच केले नव्हते. पणजोबांच्या मागे जाता येईल का? आजीच्या माहेरचीही माहिती हवी आहे. — एक वाचक, घणसोली

उत्तर : मृत्युपत्र नसणे हे आपल्या घराण्याच्या बाबतीत स्वाभाविक आहे. एकत्र कुटुंबाच्या शेतीचे मृत्युपत्र १९५६ पूर्वी करताच येत नसे हे वरच्या उत्तरात आले आहे. ब्रिटिश काळातील मृत्युपत्रे म्हणूनच व्यापारी, नोकरदार, पारशी आणि ख्रिस्ती घराण्यांत अधिक दिसतात. शेतकरी घराण्यात त्याची जागा वारसाच्या फेरफाराने घेतलेली असते. खातेदार मयत झाला, अमुक वारस आहेत, त्यांची नावे लावली, असा जो मजकूर तलाठी लिहितो, त्यात मृत्यूचा काळ आणि मुलांची नावे दोन्ही येतात. जोडीला गाव नमुना ६-क ही वारस प्रकरणांची नोंदवही आणि जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना १४, ज्याला सगळेजण कोतवाल बुक म्हणतात, ही दोन्ही पाहावीत. कोतवाल बुकातील जुन्या नोंदी मोडीत असतात, आणि मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घेताना पूर्ण ओळ उतरवून घ्यावी. केवळ नाव उतरवले की शेजारचा जातीचा, गावाचा आणि वयाचा रकाना हातचा जातो.

आडनाव नाही याची चिंता करू नये. माझ्या मते आडनावाच्या मागे लागणे हीच या शोधातील सर्वांत महागडी चूक आहे. पाटील, म्हात्रे, भोईर ही आडनावे ठाण्यापासून उरणपर्यंत इतकी पसरली आहेत की त्यांवरून नाते ठरत नाही, आणि कित्येक घरांत ती शाळेत नाव घालताना कायम झाली. जमिनीचा नंबर मात्र बदलला तरी कागदोपत्री बदलतो, म्हणून त्याचा पाठलाग करता येतो. उताऱ्यावर नावापुढे ए.कु.मॅ. असे असेल, तर ते एकत्र कुटुंबाचे मॅनेजर होते, अर्थात त्यांचे भाऊ किंवा पुतणे त्या वेळी हयात होते. अ.पा.क. असे असेल, तर धारक अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, असून दुसरे कोणी, पुष्कळदा त्याची आई, पालनकर्ती म्हणून लागलेली आहे. त्यावरून आईचे नाव आणि मुलाच्या जन्माचा अंदाज एकदम मिळतो.

मालकीच्या रकान्यात पणजोबांच्या आधीचे कोणी सापडत नसेल, तर कुळाचा रकाना आणि गाव नमुना १२ मधील पीकपाहणी पाहावी. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर जमीन कसणारा एक आणि खातेदार दुसराच, ही सर्वसाधारण स्थिती होती. १९४८ च्या कूळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणाऱ्या कुळांना मालकी मिळण्याची तरतूद झाली, तोवर अनेक आगरी घराणी कागदावर कूळ म्हणूनच वावरत होती. कलम ३२-ग च्या चौकशीत कुळाचे जबाब घेतले गेले, आणि 'माझे वडील, त्यांचे वडील हीच जमीन कसत होते' असे त्यांत सांगितलेले आढळते. ही प्रकरणे तहसील कार्यालयाच्या कूळकायदा शाखेत असतात. घराण्यात कोणी मिठागरावर होते का, हेही वडीलधाऱ्यांना विचारावे. मिठागरांना परवान्याची अट होती आणि त्यांचे कागद महसुली दप्तराबाहेर, मीठ खात्याकडे गेले.

सिडकोचे नाव लागले म्हणजे माग संपला असे आपल्याला वाटते, परंतु भूसंपादनामुळेच आपल्या पिढ्यांचे सर्वांत तपशीलवार कागद तयार झाले आहेत. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली तेव्हा १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे नोटिसा निघाल्या, हितसंबंधितांची नावे लिहिली गेली आणि निवाडे जाहीर झाले. निवाड्याच्या तक्त्यात प्रत्येक सर्व्हे नंबरापुढे सर्व हिस्सेदार असतात. वाढीव मोबदल्यासाठी कलम १८ खाली दावे झाले असतील, तर ते वर्षानुवर्षे चालल्यामुळे अर्जदार मयत होत गेले आणि त्यांचे वारस अभिलेखावर आणले गेले. त्या प्रत्येक अर्जात मृत्यूची तारीख आणि वारसांची यादी असते. संपादित जमिनीच्या बदल्यात भूखंड देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेच्या फायलींत तर न्यायालयाचे वारस दाखलेच जोडलेले असतात. आपल्याकडे मेट्रो सेंटर या नावाने ओळखले जाणारे भूसंपादन कार्यालय आणि सिडकोचा भूमी विभाग या दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज करावेत. फायलीत जोडलेली हाताने काढलेली वंशावळ मात्र पुरावा मानू नये. ती मोबदल्याच्या वेळी, आठवणीवरून आणि कधी सोयीवरून तयार झालेली असते.

आजीच्या माहेरचा शोध तिच्या माहेरच्या गावात, तिच्या वडिलांच्या मृत्यूनंतरच्या फेरफारात घ्यावा लागेल, आणि तो मृत्यू १९५६ च्या आधीचा की नंतरचा यावर पुष्कळ अवलंबून आहे. त्या वर्षापूर्वी मुलगा किंवा विधवा असताना मुलीला वारसा मिळत नसे, त्यामुळे तिचे नाव लागत नसे. विधवांना पतीच्या हिश्शात हक्क देणारा कायदा १९३७ चा, आणि शेतजमिनीला तो पुढे प्रांतिक कायद्याने लागू झाला. त्या सुमारापासून विधवांची नावे वाढू लागतात. १९५६ नंतरच्या वारस नोंदींत मुली सासरच्या नावानिशी आणि गावानिशी येतात. पाठोपाठ बहिणींनी भावांच्या लाभात करून दिलेले हक्कसोडपत्र येते, ज्याच्यामुळे पुष्कळ घरांत कटुता आली, परंतु वंशावळ मांडणाऱ्याला त्यातून सर्व बहिणींची नावे एकाच कागदावर मिळतात. या सर्वांच्या जोडीला त्र्यंबकेश्वर किंवा नाशिक येथील आपल्या गावाच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळी आहे का, याची चौकशी करावी. तीर्थाला गेलेल्या पूर्वजाने तेथे भाऊ-पुतण्यांची नावे सांगून ठेवलेली असतात.

मोजणीपूर्वीच्या कागदांसाठी मात्र वरच्या प्रश्नातील ठाण्याच्या तारखा आपल्याला लागू नाहीत. आज तालुका एक असला, तरी खाडीपलीकडची बेलापूरपट्टी साष्टीबरोबर इंग्रजांकडे आली नाही. ती १८१७ पर्यंत पेशव्यांकडे होती. म्हणजे आपल्या गावचे मराठी अमलातील कागद ठाण्याच्या मानाने चाळीस वर्षे पुढे येतात आणि ते पुण्यास आहेत. त्यांवरील सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन मिळतो, परंतु हे वर्ष जूनच्या आरंभी मृगाला सुरू होत असल्याने जानेवारी ते मे या महिन्यांसाठी ६०० मिळवावे लागतात. वसईचा विजय मे १७३९ मधला असूनही त्याचा सुहूर सन ११३९, म्हणजे अरबी अंकशब्दांत तिसा सलासीन मया व अलफ, आहे.

प्रश्न : माझे एक इंग्लंडमधील स्नेही आपल्या पूर्वजाचा शोध घेत आहेत. तो कंपनीच्या नोकरीत होता आणि १८३० च्या सुमारास ठाण्यात वारला. त्याची ठाण्याजवळ जमीन होती अशी घरात समजूत आहे. मी ठाण्यात राहतो म्हणून त्यांनी सातबारा शोधून द्यावा असे सुचवले आहे. ते शक्य आहे का? — एक वाचक, ठाणे (पूर्व)

उत्तर : सातबारा शोधण्यात वेळ घालवू नये. तो कागद या माणसाच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी अस्तित्वात आला. शिवाय १८३३ च्या सनदी कायद्यापर्यंत युरोपियनांनी मुंबईबाहेर जमीन धारण करण्यावर कंपनीचे निर्बंध होते. अपवाद होते, आणि एक तर आपल्या जवळचाच आहे : पवईची इस्टेट फ्रामजी कावसजी यांच्याकडे येण्यापूर्वी, १७९९ मध्ये, डॉ. हेलेनस स्कॉट यांना भाडेपट्ट्याने दिली होती. परंतु अशी मोठी देणगी असती तर तिचा पत्रव्यवहार महसूल खात्याच्या दप्तरात, मुंबईच्या पुराभिलेखागारात असता. घरच्या आठवणीतली 'जमीन' बहुधा सरकारी बंगला किंवा भाड्याची बाग असावी, असा माझा तर्क आहे.

या माणसाचे खरे कागद लंडनला आहेत. मुंबई इलाख्यातील चर्चांकडून बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये त्यांची मालिका एन/३ या खुणेखाली आहे. मृत्युपत्रे एल/एजी/३४/२९ या मालिकेत आणि मयताच्या मालमत्तेच्या याद्या व हिशेब एल/एजी/३४/२७ मध्ये आहेत. याद्यांकडे दुर्लक्ष होऊ देऊ नये. मृत्युपत्रात माणूस आपल्याला जे सांगायचे ते सांगतो, यादीत त्याच्या घरात प्रत्यक्ष काय होते आणि कोणाचे देणे राहिले होते ते उघड होते. तो मुलकी नोकरीत असेल तर नेमणुकीच्या वेळचे अर्ज जे/१ मध्ये आहेत आणि त्यांना इंग्लंडमधील बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असतो, त्यामुळे आई-वडिलांपर्यंत एका उडीत पोहोचता येते. लष्करात असेल तर कॅडेटांचे कागद एल/एमआयएल/९ मध्ये पाहावेत. इंग्लंडमध्येही मालमत्ता असल्यास कँटरबरीच्या न्यायालयात झालेले प्रोबेट केव येथील नॅशनल आर्काइव्हजमध्ये मिळू शकते. ब्रिटिश भारतातील घराण्यांच्या शोधासाठी स्थापन झालेल्या 'फिबिस' या संस्थेच्या नामसूची विनामूल्य पाहता येतात. आपल्या स्नेह्यांनी आरंभ तेथून करावा.

आपण येथे राहून करण्यासारखे काम एकच आहे. ठाण्याचे सेंट जेम्स चर्च १८२५ मध्ये बिशप हेबर यांच्या हस्ते अर्पण झाले; तेथील जुन्या थडग्यांवरील लेख चर्चच्या परवानगीने वाचून त्यांची छायाचित्रे पाठवावीत. आणि मृत्युपत्र मिळालेच, तर त्यात एखाद्या हिंदी स्त्रीला किंवा तिच्या मुलांना ठेवलेली रक्कम आहे का, हे स्नेह्यांना नीट पाहण्यास सांगावे. त्या काळच्या कंपनी नोकरांच्या मृत्युपत्रांत असे उल्लेख दुर्मिळ नाहीत, आणि ते आढळल्यास या घराण्याची एक शाखा इकडेच राहिली असण्याचा संभव विचारात घ्यावा लागेल.

प्रश्न : पत्नीचे माहेर ईस्ट इंडियन समाजातील, मूळचे ठाण्याकडचे. चर्चच्या नोंदींवरून पोर्तुगीज काळापर्यंत जाता येईल का? तिच्या आडनावाची माणसे वसईतही आहेत. ती नात्यातली समजावी का? — एक वाचक, वाशी

उत्तर : १७३७ पूर्वीच्या नोंदी मिळतील अशी अपेक्षा धरू नये. आडनावावरून नाते तर मुळीच ठरवू नये, कारण धर्मांतराच्या वेळी अनेक कुटुंबांनी एकच पोर्तुगीज आडनाव घेतल्याची उदाहरणे सर्वत्र आहेत. त्यापेक्षा बाप्तिस्म्याच्या नोंदीतील धर्मपिता आणि धर्ममाता यांची नावे लिहून काढावीत. ती बहुधा जवळच्या नात्यातली असतात आणि त्यांवरून आईच्या माहेरापर्यंत जाता येते. साष्टीतील काही चर्चेस १९२८ पर्यंत पोर्तुगीज पाद्रोआदोच्या, म्हणजे प्रथम गोव्याच्या आणि नंतर दमणच्या धर्मप्रांताच्या, अधिकारात होती, तर काही मुंबईच्या. म्हणून एकाच कुटुंबातील दोन भावंडांच्या नोंदी दोन वेगळ्या चर्चमध्ये निघाल्या तर चकित होऊ नये. धर्मग्रामाच्या कार्यालयात अर्ज करताना चर्चचे नाव, अंदाजे वर्ष आणि वडिलांचे नाव एवढे तरी लिहावे. 'आमच्या घराण्याची सर्व नावे द्यावीत' असा अर्ज कोणत्याही फादरना पुरा करता येत नाही.